हरलो आपण, आंटी

३१ जानेवारी २०२०, शुक्रवार. स्विंडन, इंग्लंड. रात्रीचे पावणेअकरा.

अजून पंधरा मिनिटं. अकराला ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर. बाराला का नाही, तर आपले अकरा म्हणजे ब्रसेल्सचे बारा. सुटकेचा मुहूर्तही त्यांच्याच घड्याळावर काढला, यावर आज ऑफिसात बरंच हसून झालं. हसणारे अर्थात एकाच बाजूचे. दुसऱ्या बाजूचा एक जण दुपारीच लंडनची गाडी पकडून गेला, पार्लमेंटसमोरच्या चौकात नाचायला. बिग बेनची दुरुस्ती चालू आहे, त्यामुळे आज टोले नाहीत. पाच लाख पौंड खर्चून ते पाडायचे की नाही यावरून या महिन्यात केवढी जुंपली होती. नव्या पन्नास पेन्सच्या नाण्यावर ‘शांती, समृद्धी आणि सर्व राष्ट्रांशी मैत्री’ अशा अर्थाचं वाक्य आहे, तर त्यात ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम का नाही म्हणून एक नामवंत लेखक चिडले. मैत्रीच्या नाण्यावरही भांडण! सार्वमतापासूनच्या साडेतीन वर्षांत इथे भांडायचं काही शिल्लक राहिलेलं नाही.

खालचं दार आत्ताच वाजलं. खालच्या मजल्यावरची आंटी रात्रपाळीला गेली. जाताना जिन्यातून ओरडली, “वत्तां गो!”

आंटी म्हापशाकडची, मी कुडाळची. ती कोंकणी बोलते, मी मालवणी, आणि दोघींना वाटतं समोरची जरा चुकीचं बोलते. तिच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनला जन्मनोंदणी करून तो मिळवता येतो. तसा तो काढून कितीतरी गोंयकार या गावात आले. आंटीने पोर्तुगाल अजून पाहिलेलं नाही. तिच्यासाठी लिस्बन म्हणजे म्हापशाहून स्विंडनला येताना वाटेत लागलेलं एक ऑफिस. २००९ पासून ती इथे गोदामात माल भरते आहे.

मी आले २०१३ ला, भारतीय पासपोर्टवर, कामाच्या व्हिसाने. आणि २०१६ च्या सार्वमतात मत होतं ते मला. आंटीला नव्हतं.

हे अजूनही कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. कायदा असा, की इथे राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकाला मत. भारत राष्ट्रकुलात, म्हणून मला. युरोपच्या नागरिकांपैकी आयर्लंड, माल्टा, सायप्रस सोडले तर बाकी कुणालाच नाही. नगरपालिकेच्या निवडणुकीला आंटी चालते, पण तिच्या पोटापाण्याचा प्रश्न निघाला तेव्हा चालली नाही. “पुर्तुगेज जालें आनी वोट गेलो,” म्हणाली. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “म्हजो वोट लेगीत तूंच मार गो.”

२३ जूनला गुरुवार होता. मतदान केंद्र शाळेच्या हॉलमध्ये. ओळखपत्र कुणी मागितलं नाही, नाव-पत्ता सांगितला की झालं. बोटाला शाई लावतील म्हणून मी सवयीने डावा हात पुढे केला, तर टेबलामागच्या बाई हात मिळवायला उठल्या. आडोशाच्या फळीला दोरीने बांधलेली शिसपेन्सिल. पेन्सिलीची फुली गुप्तचर खातं रात्री खोडून टाकणार, म्हणून घरून पेन घेऊन जा, अशी अफवा होती. माझ्या आधीचा म्हातारा खरोखरच खिशातलं बॉलपेन काढून फुली मारताना दिसला. कागदावर दोनच चौकोन. वरचा राहण्याचा, खालचा सोडण्याचा.

मी खालच्यात मारली.

इथे तरी खरं लिहावं. त्याच एप्रिलपासून नियम आला होता: माझ्यासारख्या व्हिसावाल्याला कायम राहायचं तर वर्षाला ३५ हजार पौंड पगार हवा. माझा नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीपासून आरोग्यसेवेसाठी वर्षाला २०० पौंडांचा वेगळा अधिभार. करही भरा आणि हेही भरा. आणि रोमानियातल्या बुखारेस्टहून कुणी बॅग घेऊन उतरला की त्याला काहीच नाही. ‘सोडा’च्या बाजूच्या मंत्री प्रीती पटेल सांगत होत्या, युरोपचं दार लोटलं की राष्ट्रकुलातल्यांना न्याय मिळेल, करी हाऊसना आचारी मिळतील. मला आचाऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. पण ‘न्याय’ हा शब्द बरोबर जागी लागला. त्या वेळी बुखारेस्टचा तो कुणीतरी डोळ्यांसमोर होता. खालच्या मजल्यावरची बाई त्याच रांगेत उभी आहे हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं.

सोडा म्हणणारे १ कोटी ७४ लाख, राहा म्हणणारे १ कोटी ६१ लाख. त्यातली एक फुली माझी. स्विंडन ५४.७ टक्के ‘सोडा’. पहाटे पौंड धाडकन १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला आणि आंटी पाळीवरून आली. अंगात ते पिवळं जॅकेट, बाकावर बसून बूट काढत होती. वर बघून म्हणाली, “कितें जालें?”

“हरलो आपण, आंटी,” मी म्हटलं.

‘आपण’ म्हटलं मी.

त्यानंतर रोज कुणी ना कुणी भांडत होतं. सहकारी मैत्रिणीच्या घरी ख्रिसमसच्या जेवणात हा विषय काढायचा नाही असं तिच्या आईने बजावलेलं. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे बाईंचा युरोपशी केलेला करार गेल्या जानेवारीत संसदेत ४३२ विरुद्ध २०२ ने आपटला. महिन्याभराने होंडाने इथला कारखाना २०२१ मध्ये बंद करायचं जाहीर केलं, ३,५०० माणसं. कंपनी म्हणाली, ब्रेक्झिटशी संबंध नाही. बसमध्ये दोन बायकांचं त्यावरून असं वाजलं की ड्रायव्हरने गाडी थांबवली. एक म्हणत होती, “तुम्हीच घालवला कारखाना.” दुसरीचा मुलगा आत कामाला होता. मी खिडकीबाहेर बघत बसले.

माझ्या आईला मात्र यात मजाच वाटायची, वराडकरांमुळे. आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर म्हणजे मूळ मालवण तालुक्यातल्या वराडचे. इथली टॅब्लॉइडं त्यांच्यावर तुटून पडली की आई फोनवर म्हणायची, “वराडचो झील त्येंका पुरून उरतलो!” ऑक्टोबरमध्ये लिव्हरपूलजवळ बोरिस जॉन्सन आणि ते भेटले आणि आयर्लंडच्या सीमेचा गुंता सुटायची वाट निघाली. डिसेंबरअखेर ते वराडला येऊन गेले, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही नव्हतं. युरोपचं भवितव्य आमच्या शेजारच्या तालुक्याकडे! यात कुणी मला विचारलं नाही, तू कुठे फुली मारलीस.

आंटीचा कायम राहण्याचा अर्ज मे महिन्यात मीच भरला. तिच्याच फोनवर, कारण तेव्हा ते अ‍ॅप आयफोनवर चालत नव्हतं. पासपोर्टवर फोन टेकवून चिप वाचायची, मग चेहऱ्याचा फोटो. फोन सारखा घसरत होता, तेव्हा तिने तो भाकरी थापावी तसा दाबून धरला. फी आधी ६५ पौंड होती, ती माफ झालेली. काही दिवसांनी ईमेल आला: मंजूर.

“कागद खंय?” आंटीने विचारलं.

कागद नसतो, सगळं कॉम्प्युटरवर असतं, हे मी तीनदा सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं आणि त्या ईमेलचा प्रिंट काढायला लावला. तो आता प्लॅस्टिकच्या पिशवीत, सायबिणीच्या, म्हणजे मदर मेरीच्या तसबिरीमागे आहे. मी पाहिलंय, त्याच्या वर ठळक लिहिलेलं आहे की हा पुरावा नव्हे.

अकरा वाजून चार मिनिटं. लांब कुठेतरी फटाके वाजतायत. टीव्हीवर गर्दी राष्ट्रगीत म्हणतेय.

आंटीचा मेसेज: “आतां पळे गो, आसा मू अजून?” म्हणजे बघ गं, तिची ती मंजुरी अजून आहे ना.

आज काही बदलत नाही, डिसेंबरपर्यंत सगळं पूर्वीसारखंच चालणार, असं लिहायला घेतलं आणि खोडलं. सरकारी साइटवर तिची नोंद बघायला गेले. तिचा पासपोर्ट नंबर मला पाठ आहे. जन्मतारीखही. कोड तिच्या फोनवर जातो. तिने सहा आकडे पाठवले, एक चुकीचा. पुन्हा पाठवले. पान हळूहळू उघडलं. आधी नाव, मग फोटो, घसरत्या फोनने काढलेला, एक भुवई वर.

“आसा,” मी लिहिलं.