मालवण-तारकर्ली: बोटिंग, स्कूबा आणि तिथीचं गणित

डिसेंबरात मालवणला जाऊन आलो. सोबत बायको, सासूबाई आणि दहावीतला भाचा, त्यामुळे सगळ्यांना झेपेल असं बघायचं होतं. जाणाऱ्यांना एकच सांगतो, हॉटेलवाला पॅकेजचा कागद पुढे करतो तेव्हा दर नंतर विचारा, आधी कुठली गोष्ट किती वाजता आहे ते विचारा, कारण इथे सगळं वारा आणि भरती-ओहोटीवर चालतं.

स्कूबाचा सकाळचा पहिलाच स्लॉट घ्या. दुपारकडे वारा सुटतो, बोट हलायला लागते आणि पाणी गढूळतं, मग खाली मासे कमी आणि धुकंच जास्त. पोहता येत नसलं तरी चालतं, गाइड धरूनच नेतो. पोट हलकं ठेवा, सर्दी असेल तर सरळ नाही म्हणा, खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं म्हणजे कान दुखत नाहीत. आणि खुणा नीट ऐकून घ्या! आमच्या भाच्याने मासे बघून खुशीत अंगठा दाखवला, पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला', गाइड त्याला घेऊन वर यायला लागला आणि हा हातवारे करत बसला. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. अजून एक, चिपी किंवा मोपावरून विमान असेल तर स्कूबा त्याच दिवशी नको, मध्ये निदान बारा तास जाऊ देत.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथलं सुनामी आयलंड म्हणजे खरं तर वाळूचा पट्टा, भरतीला पाण्याखाली जातो, ओहोटीला उघडा पडतो. वेळ काढायची जुनी युक्ती आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या आसपास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. अंदाजच आहे हा, बोटवाल्याला विचाराच, पण पौर्णिमेला भर दुपारी नेतो म्हणाला तर कंबरभर पाण्यात उभं राहायची तयारी ठेवा. तिथल्या जेट स्कीला मी पैसे घालणार नाही, बसतोय तोवर संपते. बनाना राइडला भाचा खूश होता.

सासूबाईंना सगळ्यात आवडली ती खाडीतली संध्याकाळची साधी बोट, दोन्ही बाजूला माड, धक्का नाही की काही नाही. इथे दर माणशी आहे की अख्ख्या बोटीचा ते बसायच्या आधी पक्कं करा, चार-पाच जणांना अख्खी बोट परवडते. लाइफ जॅकेट नुसतं अंगात अडकवून देतात, बकल स्वतः लावून ओढून बघा, आणि बोटीत माणसं जास्त कोंबतायत असं वाटलं तर उतरा, लाजू नका. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून माणसं गेली होती.

सिंधुदुर्ग किल्ल्याची बोट मालवण जेटीवरून सुटते. परत यायला साधारण तासाभराची वेळ देतात, ४८ एकरांच्या किल्ल्याला ती कमीच पडते, तेव्हा आधीच जास्त वेळ मागून घ्या. शिवराजेश्वर मंदिर आणि महाराजांच्या हातापायाचे ठसे आधी बघा, तटावर नंतर चढा.

ट्रेनने येणाऱ्यांनी कुडाळला उतरावं. रोख पैसे जवळ असू द्या, किनाऱ्यावर नेटवर्क दगा देतं. जून ते ऑगस्ट यातलं बहुतेक सगळं बंद असतं, त्या दिवसांत फक्त पाऊस आणि मासे यासाठी जायचं असेल तर जा.