तीनदा दाबावी लागणारी बॅकस्पेस

मासेमारीबंदी ३१ जुलैला संपली आणि १ ऑगस्टला उजाडताच रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर बर्फ व डिझेलच्या पावत्यांसाठी रांग लागली. पावत्या देणारा सी भाषेतील छोटा प्रोग्राम मी लिहिला होता. टर्मिनलच्या, म्हणजे नुसता मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत होड्यांची नावे मराठीतच टंकता यावीत, हा माझाच आग्रह होता.

एका तांडेलांनी, म्हणजे होडीच्या प्रमुखांनी, पावती माझ्यापुढे धरली. ‘रत्नसागर’ऐवजी तीवर ‘रत्नसा’ आणि पुढे एक प्रश्नचिन्ह होते. “नाव अर्धंच छापलंय. डिझेलवाला ही पावती घेईल काय?” पावत्या करणाऱ्या ताईंनी त्यात भर घातली, “सर, एक अक्षर खोडायला बॅकस्पेस तीनदा दाबावी लागते.”

त्यांच्या या वाक्याने दोष नेमका कुठे आहे ते कळले. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे, म्हणजे ० ते २५५ मधल्या तीन आकड्यांचे असते. ‘र’ म्हणजे २२४, १६४ आणि १७६. मी वापरलेले ‘गेटसीएच’ हे फंक्शन एका वेळी एकच बाइट देत होते. सुरुवातीला भाषेची मांडणी ठरवणारे ‘सेटलोकेल’ लिहिलेले असल्यामुळे एनकर्सेस, म्हणजे टर्मिनलचा पडदा सांभाळणारी लायब्ररी, ते बाइट जुळवून पडद्यावर नाव सरळ दाखवी, आणि मी त्या दिसण्यावर विसंबलो. नावासाठी जागा २० बाइटांची, त्यातला शेवटचा नाव संपल्याची खूण असलेल्या शून्यासाठी राखलेला. उरलेल्या १९ मध्ये ६ चिन्हे मावली आणि ‘ग’चा पहिला बाइट, २२४, एकटाच मागे राहिला. घरी चाचणी घेताना मी आखूड नावेच टंकली होती, ही चूक मला आजही खटकते.

तिथेच बसून मी एका वेळी पूर्ण चिन्ह देणारे ‘गेट_डब्ल्यूसीएच’ वापरले आणि नाव ‘डब्ल्यूचार_टी’च्या रांगेत साठवले, जिच्या एका घरात पूर्ण चिन्ह मावते. जुन्या प्रोग्रामात २५५ पेक्षा मोठे मूल्य आले की ती बाणासारखी खास कळ समजून सोडून दिली जाई. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरीची चिन्हे २३०४ पासून सुरू होतात, म्हणून ती अट काढली. लगेच नवा घोटाळा झाला. ताईंनी डावा बाण दाबताच नावात खाली शेपूट असलेले रोमन ‘ए’ उमटले, कारण डाव्या बाणाचा क्रमांक २६० आणि युनिकोडमध्ये त्या अक्षराचा क्रमांकही २६०. केवळ मूल्य पाहून कळ आणि अक्षर वेगळे करता येत नाहीत. फंक्शन जे परत देते ते पाहावे लागते. ‘ओके’ आले तर अक्षर, ‘की_कोड_येस’ आले तर कळ.

बॅकस्पेसने पूर्ण जोडाक्षर खोडावे की एकच चिन्ह, याचा विचार करून मी एकच चिन्ह ठेवले. चुकलेला काना तेवढाच काढता येणे टंकणाऱ्याच्या सोयीचे असते. छपाईसाठी नाव पुन्हा बाइटांत बदलताना प्रत्येक चिन्हामागे ४ बाइट आणि शेवटी एक जादा, अशी जागा ठेवली.

साडेनऊला ‘रत्नसागर’ची पावती पूर्ण नावानिशी निघाली. तांडेलांनी ती दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि ते पंपाकडे गेले.