विंडोज नव्याने टाकलं, तरी डिस्क रांगतच होती

आषाढी एकादशी आठवड्यावर आली होती. आईने विचारलं, "अरे, मागच्या वर्षीचं भजन मधेच का थांबतंय?" तिच्या भजनी मंडळाची सात वर्षांची रेकॉर्डिंग माझ्या असेंबल्ड कॉम्प्युटरमधल्या २ टीबीच्या हार्ड डिस्कवर आहेत. फाईल उघडली की दोन ओळी वाजायच्या, मग सगळं थिजायचं आणि अर्ध्या मिनिटाने पुढे सरकायचं. त्या मंडळातल्या दोघी आता हयात नाहीत. त्यामुळे ही डिस्क गेली तर काय जाणार आहे, हे मला नीट माहीत होतं.

टास्क मॅनेजर उघडला. डिस्क १०० टक्के व्यस्त आणि वेग मात्र सेकंदाला शून्य ते दोन एमबी. त्याखालचा सरासरी प्रतिसादाचा आकडा चार हजार मिलिसेकंदांच्या वर होता. मला त्याचीच धास्ती वाटली. ७२०० आरपीएमच्या डिस्कची तबकडी साधारण ८.३ मिलिसेकंदांत एक फेरी पूर्ण करते. माहिती वाचणारं हेड सरकायला लागणारा वेळ धरला तरी हवी ती जागा पंधरा-वीस मिलिसेकंदांत सापडायला हवी. चार हजार म्हणजे डिस्क हळू चालत नव्हती, कशावर तरी अडून बसत होती.

दुरुस्तीला हात घालण्याआधी बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी सुरू केली. आधी भजनं, मग घराच्या कागदपत्रांचे स्कॅन, मग फोटो. त्याला दोन रात्री आणि एक दिवस लागला. जे परत मिळणार नाही ते आधी उचलायचं, हा क्रम मी आजही असाच ठेवीन.

मग विंडोजचं इंडेक्सिंग बंद केलं, अँटिव्हायरस थांबवून पाहिला. काही फरक नाही. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावलं तर निळ्या चौकटीत ‘गुड’. खराब होऊन बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, दाखवणारी ०५ ची ओळ शून्य, संशयित सेक्टरची सी५ ची ओळही शून्य. मी तिथेच थांबलो आणि चुकलो. ती चौकट मुख्यतः ०५, सी५ आणि सी६ या ओळींवरून, म्हणजे तबकडीच्या तब्येतीवरून रंग ठरवते. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेचा हिशेब त्या रंगात येत नाही.

डिस्क काढून दुकानात नेली. तिथल्या मुलाने ती त्यांच्या मशीनला जोडली आणि मोठी फाईल कॉपी करून दाखवली. सेकंदाला १७० एमबी, एकदाही अडखळली नाही. "डिस्क एकदम ओके आहे दादा, विंडोज नवीन टाका." मी घरी येऊन शनिवार-रविवार त्यात घातले. माझं विंडोज वेगळ्या एसएसडीवर आहे. ते पुसून पुन्हा टाकलं, ड्रायव्हर टाकले, आईचे मराठी फॉन्ट बसवले. डिस्क होती तिथेच. रविवारी रात्री मला मनापासून वाईट वाटलं, कारण खरा धागा दुकानातच हाती आला होता आणि मी तो सोडून दिला होता. तीच डिस्क तिथे पळते आणि इथे रांगते, तर दोन्ही ठिकाणी वेगळं काय आहे? डेटा केबल, पॉवरची जोडणी आणि मदरबोर्डवरचा पोर्ट.

पुन्हा क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं आणि या वेळी सगळ्या ओळी वाचल्या. सी७, म्हणजे सीआरसी एररची (वाटेत माहिती बिघडल्याची) ओळ, ४ए६ दाखवत होती. हे सॉफ्टवेअर कच्चे आकडे सोळाच्या पायावर दाखवतं. सेटिंग बदलून दशमानात आणलं तर ११९०. वरच्या बाजूला ट्रान्स्फर मोडमध्ये ‘साटा/१५० | साटा/६००’ असं होतं. साटा म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडायची पद्धत. डावीकडचा चालू वेग, उजवीकडचा डिस्कला झेपणारा. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिव्हाइस रिसेट केल्याच्या १२९ क्रमांकाच्या नोंदींची रांग होती.

साटा केबलवरून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक गठ्ठ्यासोबत पडताळणीचा एक आकडा जातो. पलीकडे तो जुळला नाही, तर गठ्ठा पुन्हा मागवला जातो आणि सी७ वाढतो. फारच बिघडलं तर जोडणीच तोडून नव्याने जुळवली जाते, कधी खालच्या वेगावर. सेकंदाला १५० एमबीसुद्धा भजनासाठी भरपूर आहे. वेळ खात होतं ते तुटणं आणि जुळणं.

आता एका वेळी एकच बदल. पॉवर सप्लायचं बटण बंद करून तीच केबल दुसऱ्या पोर्टमध्ये लावली आणि २० जीबी कॉपी केले. सी७ गेला १२२३ वर. म्हणजे पोर्टचा दोष नव्हता. मग मागची झाकणपट्टी उघडली. मशीन जोडताना वायरिंग नीटनेटकं दिसावं म्हणून मी ती चपटी लाल केबल मदरबोर्डच्या मागून घेतली होती, काटकोनात दुमडून टायने आवळली होती, आणि वरून झाकणपट्टी तिच्यावर दाबून बसत होती. दुमडीपाशी आवरण पांढरं पडलं होतं. आत तारांच्या दोन जोड्या ठरावीक अंतर राखून जातात. ते अंतर चेपलं की सिग्नल बिघडतो.

शंभर-दीडशे रुपयांत क्लिप असलेली नवी केबल आणली, मोठा वळसा देऊन, न आवळता लावली. ‘साटा/६०० | साटा/६००’. २०० जीबी कॉपी केले, सी७ १२२३ वरच. स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या अंगभूत स्व-तपासणीची, लांबलचक चाचणी लावली. चार तासांहून जास्त चालली आणि एकही दोष निघाला नाही. पॉवरच्या जोडणीला हात लावायची वेळ आली नाही.

एकादशीच्या पहाटे आईने स्वतः फाईल लावली. पूर्ण चाळीस मिनिटं वाजली, आणि ती मधेमधे कुणाचा आवाज कुठला ते मला सांगत राहिली.

सी७ चा आकडा कधी खाली येत नाही. म्हणून एका कागदाच्या पट्टीवर तारीख आणि १२२३ लिहून ती झाकणपट्टीच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. महिन्यातून एकदा तो आकडा पाहतो.