दोघांचा ३ नंबर

लातूरच्या मोंढ्यात काकांची आडत आहे. तिथल्या हिशोबाच्या कॉम्प्युटरवर मी एक छोटा एमसीपी सर्व्हर चालवतो, म्हणजे एआय असिस्टंटला आमचा हिशोब वाचून दाखवणारा प्रोग्राम. शेतकऱ्याचं नाव दिलं की तो पट्टी, उचल आणि बाकी काढून देतो. पण तो बोलतो फक्त त्याच कॉम्प्युटरवर. सोयाबीनची आवक सुरू झाली की काका गादीवर कुठले सापडायला, ते सौद्यात उभे. त्यांना विचारायचं असतं मोबाइलवरच्या एआय असिस्टंटला.

एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, हे असिस्टंट आणि अशा सर्व्हरनी आपसात बोलायचे ठरलेले नियम. ते अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुले केले. निरोप सगळीकडे एकाच साच्यातला, जेसन-आरपीसी २.० (विनंती आणि उत्तर लिहायची ठरलेली पद्धत). वाटा मात्र वेगळ्या. माझा सर्व्हर स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवर चालतो, म्हणजे त्याच कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामशी थेट ओळी देवघेव करतो: एका ओळीत एक निरोप. बाहेरून येणारा असिस्टंट स्ट्रीमेबल एचटीटीपी बोलतो, ही नेटवरून बोलायची वाट. एमसीपीच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत ते एसएसई या नेटवरच्याच जुन्या वाटेच्या जागी आलं. या दोघांमध्ये पूल लागतो. तयार पूल मिळतात, तरी मी स्वतः लिहिला, कारण एक गोष्ट मला माझ्या डोळ्यांनी तपासायची होती.

प्रत्येक विनंतीला आयडी, म्हणजे ओळखीचा नंबर, असतो आणि उत्तर त्याच आयडीने परत येतं. क्लायंट, म्हणजे विचारणारे असिस्टंट, साधारण ० किंवा १ पासूनच मोजायला लागतात. आता काकांच्या मोबाइलचा ३ आणि मुनीमजींच्या लॅपटॉपचा ३ एकदमच एका सर्व्हरमध्ये शिरले, तर परत आलेला ३ कुणाचा? निलंग्याच्या शेतकऱ्याची उचल औशाच्या शेतकऱ्याच्या नावावर वाचली जाईल आणि एरर कुठेच दिसणार नाही. वर्षभराच्या घामाचा हिशोब आहे तो. इथे चालढकल मला मान्य नाही.

यावर दोन उपाय. पुलाने आयडी बदलायचे आणि परत येताना पूर्ववत करायचे; पण रद्द करण्याच्या निरोपातही मूळ विनंतीचा आयडी असतो, तोही बदलावा लागतो. दुसरा उपाय, प्रत्येक सेशनला (एका क्लायंटच्या जोडणीला) वेगळी प्रोसेस, म्हणजे सर्व्हरची वेगळी चालती प्रत. मी दुसरा घेतला. सुरुवातीच्या इनिशियलाइझमध्ये, म्हणजे जोडणीच्या पहिल्या निरोपात, आवृत्ती आणि क्षमता ठरतात, त्या ज्याच्या त्याच्याच असतात. दोघांची मोट एकत्र बांधणं मुळातच चूक. मेमरी जास्त लागते, लागू दे. मोंढ्यात गर्दीत नेट तुटतं, सेशन बंद केल्याचा निरोप येतच नाही, म्हणून पडून राहिलेली प्रोसेस पूल स्वतः मारतो. नंतर जुना सेशन आयडी घेऊन कुणी आलं तर ४०४ (‘सापडलं नाही’ हा कोड), म्हणजे क्लायंट नव्याने सुरुवात करतो.

लॉग, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतःच्या नोंदी, सगळे स्टँडर्ड एरर या वेगळ्या वाटेवर. आउटपुटवर एक फालतू प्रिंट गेला तरी निरोपांची रांग बिघडते.

आणि सुरक्षितता. आधी या सर्व्हरला बाहेरून दारच नव्हतं, ते पुलाने उघडलं. म्हणून पूल १२७.०.०.१ वरच (त्याच कॉम्प्युटरच्या आतल्या पत्त्यावर) ऐकतो, पुढे बाहेरून यायला एन्क्रिप्टेड टनेल, टोकन (ओळख पटवणारी गुप्त खूण) नसेल तर परत, ओरिजिन हेडरची, म्हणजे विनंती कुठल्या वेबसाइटवरून आली त्याची, तपासणी. पट्टी खोडायचं टूल, म्हणजे असिस्टंटला करता येणारं काम, ठेवलेलंच नाही, सगळी टूल्स वाचण्यापुरती.

मध्येच सर्व्हर बंद पडला तर अडकलेल्या प्रत्येक आयडीला पूल लगेच एरर पाठवतो. गुपचूप पुन्हा विचारत नाही. आज फक्त वाचणं आहे म्हणून ते चाललंही असतं, पण उद्या उचल नोंदवायचं टूल आलं तर तीच उचल दोनदा चढेल. पुन्हा विचारायचं की नाही, ते काका ठरवतील.