तुम्ही विचारलंत म्हणून: हायड्रोजनच्या बाटलीत लोहखनिज कशाला?

“सूक्ष्मजीव साखर खाऊन हायड्रोजन देतात, तर मग बाटलीत लोहखनिजाची पूड कशाला?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. खनिज म्हणजे जणू जास्तीचे इंधन, अशी समजूत त्यामागे असते. ती बरोबर नाही.

ऑक्सिजन नसलेल्या बाटलीत क्लॉस्ट्रिडियमसारखे जिवाणू ग्लुकोजचे विघटन करतात तेव्हा त्यांच्याकडे इलेक्ट्रॉन साचू लागतात, आणि त्यांची सोय लावल्याशिवाय किण्वन पुढे सरकत नाही. फेरेडॉक्सिन हे प्रथिन ते इलेक्ट्रॉन वाहून नेते आणि हायड्रोजिनेज हे विकर ते प्रोटॉनांना देऊन हायड्रोजन घडवते. या दोघांच्याही गाभ्यात लोह आणि गंधक यांचे अणुसमूह असतात. लोहाची चणचण भासली की जिवाणू लॅक्टिक आम्लाकडे वळतात आणि वायू घटतो. खनिज ही अडलेली वाट मोकळी करते, एवढेच. ॲसिटिक आम्ल तयार होत असताना ग्लुकोजच्या एका मोलमागे फार तर ४ मोल आणि ब्युटिरिक आम्ल तयार होत असताना २ मोल हायड्रोजन मिळतो; ही मर्यादा कितीही पूड टाकली तरी ओलांडता येत नाही.

“मग थोडे जास्तच टाकावे!” असे यावर सुचवले जाते. मीही एकदा मिश्र जिवाणूंच्या विरजणात फेरस सल्फेट (लोहाचा एक क्षार) सढळ हाताने घातले होते. दुसऱ्या दिवशी बाटली काळी पडली होती, रबरी बुचातून सुई टोचल्यावर सिरिंजचा दट्ट्या जेमतेम वर सरकला आणि सडक्या अंड्यांचा वास आला. सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंनी आमचाच हायड्रोजन वापरून हायड्रोजन सल्फाइड बनवला होता, आणि लोह त्याच्याशी संयोग पावून काळ्या सल्फाइडच्या रूपात अडकले होते. हेमॅटाइट किंवा मॅग्नेटाइट या लोहखनिजांची बारीक पूड मला म्हणूनच अधिक पसंत आहे: तिच्याबरोबर सल्फेट येत नाही आणि आम्लधर्मी द्रावणात लोह हळूहळू सुटते.

धातुरूप लोहाच्या चुऱ्याबाबत मात्र मी फार सावध असतो, कारण आम्लात लोह गंजताना स्वतःच हायड्रोजन सोडते. अशा प्रयोगात तेवढाच चुरा घातलेली, तेवढ्याच आम्लतेची, पण जिवाणू नसलेली एक बाटली शेजारी ठेवावीच लागते. तिच्यातला वायू वजा केल्यावर जो उरतो, तेवढाच मी जिवाणूंच्या खात्यावर मांडतो.