आमची वाटचाल : पाटीपासून ठशापर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी पँटोग्राफ मशिनवर, म्हणजे नमुन्यावरची रेघ गिरवत कोरणाऱ्या यंत्रावर, पितळी पाट्या कोरायला सुरुवात केली, तेव्हा कोरीवकाम म्हणजे अक्षराची रेघ एकाच खोलीने काढणे एवढाच त्याचा अर्थ होता. पुढे मी कार्बन डायऑक्साइड लेसर आणला आणि रबरी शिक्के, अ‍ॅक्रिलिकच्या ट्रॉफी, लाकडी मानचिन्हे अशी कामे वाढली. त्या लेसरचा १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा किरण उघड्या पितळेवरून बहुतांशी परावर्तित होतो, म्हणून धातूच्या कामासाठी १०६४ नॅनोमीटरचा फायबर लेसर घ्यावा लागला. गुजरी या सराफपेठेतील एका सराफांनी चांदीच्या नाण्यासाठी पोलादी ठसा, म्हणजे ज्याने दाबून नाण्यावर चित्र उमटवतात तो साचा, कराल का, असे विचारले आणि मी फारसा विचार न करता होकार दिला. हुपरीचा चांदीधंदा इतक्या जवळ असताना हे काम आपण आजवर का केले नाही, असाही एक उत्साह त्यात होता.

पहिली चूक छायाचित्राची झाली. त्रिमितीय कोरीवकामात मशिन चित्र पाहत नाही. ते राखाडी रंगाच्या छटा मोजते आणि काळ्या भागात खोल, पांढऱ्या भागात उथळ जाते. आम्ही मूर्तीचा फोटो राखाडी करून तसाच दिला, तेव्हा गणपतीचे दात आणि डोळ्यांचे पांढरे भाग फुगून वर आले आणि सोंडेखालच्या सावलीचा खड्डा झाला. फोटोतील उजेड म्हणजे उंची नव्हे, हे कळायला आम्हाला पितळेचे सात-आठ तुकडे वाया घालवावे लागले.

खरे शिक्षण झाले ते आयुष्यभर छिन्नीने ठसे कोरलेल्या एका वृद्ध कारागिरांकडे. आम्ही त्यांना काका म्हणतो. आमच्या नमुन्यावरून अंगठा फिरवून ते म्हणाले, “पोट खरं केलंत, म्हणून नाक मेलं.” एकूण उठाव अर्ध्या मिलिमीटरचा असताना पोटाला खऱ्या प्रमाणात उंची दिली, तर चेहऱ्यासाठी काही उरत नाही, म्हणून पोट दाबून सोंडेची कड उचलावी लागते. आता संगणकावर उंचीचा नकाशा, म्हणजे छटेतून उंची सांगणारे राखाडी चित्र, माझा मुलगा रंगवतो आणि काका शेजारी बसून कुठे चढ हवा, कुठे उतार हवा ते सांगतात.

तांत्रिक बाजू त्यामानाने लवकर जमली. नेहमीच्या राखाडी चित्रात २५६ छटा असतात, म्हणजे ०.६ मिलिमीटर खोलीत एकेक पायरी सुमारे २.३ मायक्रॉनची पडते. तीच फाइल जेपीजी स्वरूपात दाबून ठेवली, की त्यातील चौकोनी डाग पोलादावरही उमटतात, म्हणून आम्ही ती पीएनजीमध्येच ठेवतो. सॉफ्टवेअर नकाशाचे थर पाडते आणि लेसर एकेक थर खरवडतो. प्रत्येक थराला रेघांचा कोन बदलला नाही, तर त्याच जागी पुन्हा पुन्हा रेघ पडून तळाला नांगरटीसारख्या सऱ्या उठतात. दर काही थरांनंतर कमी शक्तीची, वेगवान फेरी मारून काजळी आणि वितळलेले कण काढावे लागतात. आमचा पहिला उपयोगी ठसा साडेतीन तासांत झाला आणि त्यातला बराच वेळ या सफाईचाच होता.

एक नुकसान मात्र अजून आठवते. नाण्यावर जे उंच, ते ठशात खोल हवे, म्हणून छटा उलटवायच्या आणि शिवाय चित्र आरशातल्यासारखे फिरवायचे असते. आम्ही छटा उलटवल्या, चित्र फिरवायला विसरलो. त्या नाण्यावर अक्षर एकही नव्हते, त्यामुळे कोणाच्याच लक्षात आले नाही. ठशात पाहिले तर सोंड बरोबर डावीकडे दिसत होती. नाणी दाबून झाल्यावर सराफांनी एक तळहातावर घेतले आणि म्हणाले, “अहो, हा उजव्या सोंडेचा झाला की!” सिद्धटेकचा गणपती उजव्या सोंडेचा असला, तरी अशा मूर्तीचे सोवळे कडक मानले जाते, घरोघरी भेट द्यायच्या नाण्यावर तो चालणार नव्हता. चांदी वितळवता आली, ठशाचे पोलाद आणि मजुरी आमच्या अंगावर पडली, आणि त्यांनी पुढचे काम तरीही आम्हालाच दिले, हा त्यांचा मोठेपणा.

तेव्हापासून कोणताही ठसा शाडूच्या मातीत दाबून, ती छाप ग्राहकाच्या हातात दिल्याशिवाय आम्ही कडक करायला पाठवत नाही. दर मात्र अजून नीट बसलेला नाही. मशिनचे तास मोजता येतात, नकाशा रंगवण्याचे दोन दिवस ग्राहकाला दिसत नाहीत, आणि “मशिनच तर कोरतंय” हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकावे लागते. त्यामुळे गेल्या दिवाळीपासून बिलात नकाशाची रक्कम आम्ही वेगळ्या ओळीत लिहितो.