बिरड्याचा रोजा

अलिबागच्या इस्राएल आळीत 'मागेन आबोथ' नावाचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आहे. पण आळीतल्या जुन्या माणसांच्या तोंडून मी लहानपणी हा शब्द क्वचितच ऐकला. ती माणसे त्याला मशीद म्हणत. आमच्या शेजारच्या आजी शनिवारी सकाळी ठेवणीतले पातळ नेसून 'मशिदीत जाऊन येते गं' असे माझ्या आईला सांगून निघत आणि त्यात काही वेगळे आहे, असे आम्हां दोन्ही घरांपैकी कोणालाच वाटत नसे. मुंबईत १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेले बेने इस्राएलांचे, म्हणजे आजींसारख्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे, पहिले सिनेगॉगही 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखले गेले. पुण्याच्या लष्कर भागातल्या डेव्हिड ससून यांच्या सिनेगॉगचे मात्र पुणेकरांनी लाल देऊळ करून टाकले. नाव ठेवताना पुणेकर मालकाला विचारत नाहीत, हे आले.

आजींच्या सणांची नावे तर याहून गोड होती. रोश हशाना, म्हणजे ज्यूंच्या वर्षाचा पहिला दिवस, हा नव्याचा सण. त्याच्या मागोमाग नव्या तांदळाची, नारळाच्या दुधातली खीर करून खायचा तो खिरीचा सण. पुरीम आमच्या शिमग्याच्या आगेमागेच येई, म्हणून त्याला होळीचा सण म्हणत. पेसाहच्या आठ दिवसांत आंबवलेले काही चालत नाही, त्यामुळे वर्षभर वापरातली आंबटाची बरणी झाकून ठेवावी लागे. त्यावरून त्या सणाचे नाव पडले अनाशी ढाकाचा सण. जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा, कारण त्या वेळी ताटात सोललेल्या कडव्या वालांचे बिरडे असे. दोन हजार वर्षांपूर्वीचे, समुद्रापलीकडचे दुःख अलिबागच्या वालांत येऊन मुरले होते. शब्द मात्र रोजा, म्हणजे मुसलमान शेजाऱ्यांकडून आलेला.

नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात जोडपी वाचली, अशी बेने इस्राएलांची आपल्या मुळाविषयीची कथा आहे. पुढे कित्येक पिढ्या ही माणसे कोकणात तेलाचे घाणे चालवीत राहिली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. पोथ्या नव्हत्या, हिब्रू विसरली, 'शेमा इस्राएल' एवढी प्रार्थना ओठांवर राहिली. अशा स्थितीत सण टिकले ते स्वयंपाकघराने टिकवले, असे माझे मत आहे. बायकांनी तिथी खिरीत आणि बिरड्यात बांधून ठेवल्या. हनुक्का या दिव्यांच्या सणाला असे मराठी नाव नाही, कारण तो सण या घरांत फार उशिरा पोहोचला आणि तोवर नावे ठेवण्याचे दिवस संपले होते.

माझ्या सर्वांत लक्षात राहिला तो दार फाळण्याचा, म्हणजे दार लावून घेण्याचा सण: योम किप्पुर, पापांची क्षमा मागण्याचा दिवस. त्या दिवशी आजींचे दार खरोखरच बंद असे. घरातली सगळी माणसे पांढऱ्या कपड्यांत, उपाशी, दिवसभर मशिदीत असत आणि रोज आमच्याशी तासन्‌तास बोलणाऱ्या आजी त्या दिवशी शब्दही बोलत नसत. संध्याकाळी शिंग फुंकल्याचा लांबट आवाज आला की आई म्हणे, 'सुटला त्यांचा उपास.' दुसरा दिवस शिळ्या सणाचा, भेटीगाठींचा. तेव्हा आमच्याकडे पुऱ्या येत.

आता आळीतली बहुतेक घरे इस्राएलला गेली आहेत. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि एरवीच्या शनिवारी माणसे मोजावी लागतात. सणाला मुंबई-ठाण्याहून पाहुणे आले म्हणजे बाके भरतात. नवस फेडायला आलेले लोक मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ, वेलची आणि भोवती फळे. एलियाहू हनाबी या प्रेषिताचे नाव घेऊन तो वाटला जातो.

आजींच्या भिंतीवर शेवटच्या वर्षांत मुलाने इस्राएलहून पाठवलेले कॅलेंडर असे. त्यावरची हिब्रू नावे त्यांना वाचता येत नसत. नातीकडून वाचून घेऊन त्यांनी प्रत्येक सणाखाली पेन्सिलीने आपले नाव लिहून ठेवले होते, आणि ऐन पावसाळ्यात एका चौकोनाखालचे 'बिरडे' पाहून त्या वाल भिजत घालायला उठत.